बिनतारी बारसं

टेलिफोन परत करायलासुद्धा अर्ज लागतो. तो अर्ज घेणाऱ्या खिडकीतल्या माणसाने चष्म्यावरून पाहत एकनाथराव बिलोलीकरांना तीनदा विचारलं, "पक्का?" एकनाथरावांनी तिन्ही वेळा "पक्का" असंच सांगितलं. महसूल खात्यात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला सही करण्यापूर्वी क्षणभर थांबायची सवय असते. नेमकी त्या दिवशी ती सवय घरी राहिली होती. शेवटच्या बिलाची मूळ प्रत अर्जाला टाचून आणि पोचपावती खिशात घालून ते तारनाक्याला परतले, तेव्हा आपण नव्या जमान्यात पाऊल टाकलं असं त्यांना वाटत होतं. पाऊल नेमकं कशात पडलं हे कळायला पुढे पाच आठवडे लागले.

तो फोन काही असातसा नव्हता. शहात्तर साली अर्ज केला, पंच्याऐंशी साली आला. पुढची कितीतरी वर्षं सगळ्या कॉलनीत तो एकटाच. लोक आपल्या नातेवाइकांना एकनाथरावांचा नंबर ‘पी.पी.’ म्हणून देत, म्हणजे यांच्याकडे लावा, ते बोलावतील. कुणाचा करीमनगरचा मामा, कुणाचा गुलबर्ग्याचा जावई, सगळे बिलोलीकरांच्या घरात खणखणत. एकनाथराव गॅलरीत येऊन हाक मारायचे, आलेल्याला चपला दाराबाहेर काढायला लावायचे आणि हातात घड्याळ घेऊन शेजारी उभे राहायचे. नियम तीन मिनिटांचा. चौथं मिनिट लागलं की खाकरायचे. मग तिकडे कुणी जन्मलेलं असो की गेलेलं असो. कॉलनीत त्यांना एकनाथराव कुणी म्हणेना, सगळे ‘फोनसाब’ म्हणू लागले. हे नाव आपल्याला आवडत नाही, असं ते आल्यागेल्याला आवर्जून सांगत.

पुढे घरोघर फोन झाले. फक्त खालच्या मजल्यावरच्या यादगिरींनी घेतला नाही. ते रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, बोलायला कमी. "ऊपर फोन है, नीचे कायकू," एवढंच म्हणायचे. असा हा फोन परत करताना यादगिरींना एका शब्दाने विचारावं, हे एकनाथरावांच्या मनातही आलं नाही. स्वतःची वस्तू परत करायला शेजाऱ्याची परवानगी कशाला लागते?

आता परत का केला, तर नातीपायी. जानेवारीच्या शेवटी कॅलिफोर्नियात त्यांच्या मुलाला, वरुणला, मुलगी झाली. बारसं बाराव्या दिवशी व्हायचं, पण तिकडच्या सुट्ट्या पाहता तो बारावा दिवस मार्चातल्या एका शनिवारावर गेला. बारशाला जायला व्हिसा लागतो. मुलाखतीत "तिकडे किती दिवस राहणार?" असं विचारल्यावर एकनाथरावांच्या पत्नी त्रिवेणीबाईंनी खरं काय ते सांगितलं, "मूल चालायला लागेपर्यंत." झालं. दोघांचेही पासपोर्ट जसे गेले तसे कोरे परत आले.

आजी-आजोबा नसले तर एकवेळ चालेल, पण आत्या नसेल तर बारसं कसलं? बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. आत्या म्हणजे एकनाथरावांची मुलगी दीपाली, हबशीगुड्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवणारी. तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "बाबा, कानातच सांगायचंय ना? मग फोनवर सांगते की. इत्तीशी तर गोष्ट आहे."

"बारसं काय फोनवर करतात?" एकनाथराव म्हणाले. "मला नात पाहायचीय. नाव घेताना ती कशी दिसते ते पाहायचंय."

यात हट्ट होता, तसं दुःखही होतं. वरुणने बाळाचा फोटो कम्प्युटरवर पाठवला होता. त्या वेळी इंटरनेट फोनच्याच तारेतून यायचं, आणि ते चालू असलं की फोन बंद. फोटो वरून खाली, रेघ रेघ करत उतरायला लागला. अर्ध्या तासात कपाळ आलं. डावी भुवई आली. सगळे श्वास रोखून बसले होते, फक्त त्रिवेणीबाई आत होत्या. त्यांनी बहिणीला आनंदाची बातमी कळवायला आतल्या खोलीतला जोडफोन उचलला आणि लाइन तुटली. तेव्हापासून एकनाथरावांना नात म्हणून ठाऊक होतं ते एक कपाळ आणि एक भुवई. वरुणने छापील फोटो पोस्टाने पाठवले होते. ते वाटेत होते.

अशा मनःस्थितीत माणसाने नामपल्लीच्या नुमाइशीत, म्हणजे तिथल्या वार्षिक प्रदर्शनात, जाऊ नये. पण हैदराबादेत जानेवारी-फेब्रुवारीत नुमाइशीला न जाणं म्हणजे माणूस आजारी असल्याचं लक्षण समजतात. लखनवी कुर्ते आणि काश्मिरी अक्रोड यांच्या मधोमध एका नव्या कंपनीचा स्टॉल होता. तिथे मोईन नावाचा एक गोड बोलणारा तरुण टाय लावून उभा होता. त्याच्यापुढे एक जाडजूड पांढरा फोन, त्यावर वीतभर अँटेना, आणि फोनला जोडलेला कम्प्युटर.

"चच्चा, तारां गए," मोईन म्हणाला. "अब सब हवा में है. एकीच सेट. फोन भी येच, इंटरनेट भी येच. अमरीका में बच्चा छींका तो आप इधर से अल्हम्दुलिल्लाह बोलो."

त्याने पडद्यावर एक माणूस दाखवला. तो माणूस हलत होता. एकनाथरावांनी तिथल्या तिथे फॉर्म भरला. स्टॉलमागे कंपनीने प्रदर्शनापुरता स्वतःचा मनोरा उभा केला होता हे त्यांना पुढे कळलं, तेव्हा मनोराही नव्हता आणि मोईनही नव्हता. पण ते नंतर.

फॉर्मसोबत पत्त्याचा पुरावा लागतो. एकनाथरावांच्या रेशनकार्डावर अजून शालीबंड्याचं जुनं घर होतं, बदल करायचा अर्ज एकोणनव्वदपासून विचाराधीन होता. आजवर पुरावा म्हणून ते टेलिफोनचं बिल देत आले होते. ‘एकाच सेटमध्ये दोन्ही’ म्हटल्यावर त्यांनी लगोलग जुना फोन परत केला होता आणि बिल त्या अर्जालाच टाचलेलं. मग पुन्हा स्टॉलवर जाऊन त्यांनी फोन परत केल्याची पोचपावती मोईनपुढे ठेवली. तीवर पत्ता होता, शिक्का होता.

मोईनने ती उलटसुलट पाहिली. "चच्चा, ये तो बोलरी कि इस पते पे फोन नहीं है."

"पण पत्ता तर आहे ना?"

"हौ, वो तो है. नक्को सोचो. साठ दिन के अंदर कंपनी का आदमी आ के घर देख के जाता."

सेट घरी आला. त्रिवेणीबाईंनी त्याच्याभोवती एक फेरी मारली. "बिनतारी म्हणता, आणि वायरी तीन," त्या म्हणाल्या. सेटच्या छोट्या पडद्यावर लहरी किती येतात ते दाखवणाऱ्या काड्या होत्या. दिवाणखान्यात एकही काडी येईना. देवघरात एक आली. न्हाणीघरात दोन आल्या, तेव्हा कम्प्युटर न्हाणीघरात न्यावा की काय यावर घरात गंभीर चर्चा झाली. दीपालीने पाणी आणि वीज या विषयावर जो तास घेतला तो शाळेतही घेतला नसेल. शेवटी गच्चीवर, टाकीच्या कठड्यापाशी, सेट डोक्यावर धरून उभं राहिलं की तीन काड्या येत. साठी उलटलेल्या माणसाने किती वेळ असं उभं राहावं याला मर्यादा आहेत.

मराठी मंडळाचे नामदेवराव हे ऐकून स्वतः आले. नोकरीच्या काळात ते एका रेडिओ स्टेशनात हजेरीपट सांभाळत. त्यामुळे लहरींबाबत मंडळात त्यांचा शब्द शेवटचा मानत.

"लहर पळत असते, एकनाथराव," ते चहा संपवून म्हणाले. "तिला मागून अडवायला काहीतरी पाहिजे. धातूची जाळी. तुमच्याकडे पीठ चाळायची चाळण आहे?"

त्रिवेणीबाई चाळण द्यायला तयार नव्हत्या. नातीचा विषय काढल्यावर त्यांनी दिली, पण नवीन ठेवून जुनी दिली. कपडे वाळत घालायच्या बांबूला वर सेट बांधला, सेटमागे चाळण उपडी बांधली, सेट निसटू नये म्हणून त्रिवेणीबाईंच्या जुन्या जरीच्या खणाने गाठ मारली आणि बांबू टाकीला उभा केला. खरोखर चार काड्या आल्या. नामदेवरावांनी डोळे मिटून मान हलवली, आणखी एक चहा घेतला आणि निघून गेले.

थोड्या वेळाने यादगिरी वर आले. बांबूकडे पाहत बराच वेळ उभे राहिले. मग अदबीने विचारलं, "एकनाथराव साब, आप लोगां का पाडवा इस साल जल्दी आगया क्या?"

एकनाथरावांनी खणाची गाठ आणखी आवळली. त्या दिवसांत यादगिरींचंही काही बिनसलं होतं. नजर द्यायचे नाहीत, जिन्यात भेटले की खाकरून बाजूला व्हायचे. शिवाय एकनाथरावांना दुपारी पडल्यापडल्या खालून आपल्या जुन्या फोनची घंटा ऐकू यायची, जरा दबलेली. उठून बसले की बंद. हे त्यांनी घरात कुणाला सांगितलं नाही. फोन गेला आणि पाठोपाठ डोकंही गेलं, असं दीपालीने म्हणायला नको.

चार काड्यांवर इंटरनेट लागायचं, पण वारा आला की सुटायचं. कॅलिफोर्नियातला वरुण दिसे, मग त्याचा चेहरा चौकोनी तुकड्यांत विरघळे आणि मागे फक्त चष्मा उरे. तक्रार करायला एकनाथराव नामपल्लीला गेले. पावतीवर कंपनीचा पत्ता म्हणून स्टॉलचा नंबर होता. नुमाइश संपून चार दिवस झाले होते. जिथे मोईन उभा होता तिथे खांबांचे खड्डे होते आणि एक बाई पालापाचोळा लोटत होती. फाटकावरच्या पहारेकऱ्याला एकनाथरावांनी पावती दाखवली. त्याने ती शांतपणे वाचली.

"नुमाइस खतम होगई साब," तो म्हणाला. "अगले साल आओ."

त्याच दुपारी कंपनीचा माणूस पत्ता पडताळायला तारनाक्याला आला. घराला कुलूप होतं, त्रिवेणीबाई मंडळाच्या हळदीकुंकवाला गेल्या होत्या. त्याने कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारलं, इस्त्रीवाल्याला विचारलं, समोरच्या दोन घरांत विचारलं. दुसऱ्या दिवशी किराणावाल्यानेच हे एकनाथरावांना तूर डाळ बांधता बांधता सांगितलं. "कोई आया था फोनसाब. ई. व्ही. बिलोलीकर को पूछ रहा था. हम सब बोले, इधर उस नाम का कोईच नहीं रहता."

एकनाथराव बावीस वर्षं त्या दुकानातून डाळ नेत होते. ते पिशवी घेऊन रस्त्यात तसेच उभे राहिले. माणूस एवढी वर्षं एका गल्लीत राहतो आणि गल्लीला त्याचं नाव ठाऊक नसतं, हे समजायलाही वेळ लागतो. घरी येऊन त्यांनी गच्चीवर चढून कंपनीला फोन लावला. पाऊण तास सनई ऐकवून झाल्यावर एका मुलीने गोड आवाजात सांगितलं की आपली फाइल प्रोसेसमध्ये आहे. एकनाथरावांना बरं वाटलं. चौतीस वर्षं हेच वाक्य त्यांनी स्वतः लोकांना सांगितलं होतं. त्याचा अर्थ त्यांना तरी कळायला हवा होता.

बारशाचा रविवार उजाडला. तिकडची शनिवारची संध्याकाळ म्हणजे आपल्याकडे सकाळचे आठ. कम्प्युटर टेबलासकट पुन्हा गच्चीवर नेताना यादगिरी न बोलावता आले आणि जड बाजू त्यांनीच धरली. उन्हात पडद्यावर काही दिसेना म्हणून वर चादर बांधली, दोन छत्र्या धरल्या. मंडळाच्या अकरा बायका नटूनथटून आल्या. घुगऱ्या झाल्या होत्या, सुंठवडा झाला होता. इथे पाळणा रिकामा कसा ठेवायचा, म्हणून त्रिवेणीबाईंनी रिवाजाप्रमाणे वरवंट्याला कुंची घातली, काजळाची तीट लावली आणि त्याला पाळण्यात निजवलं. दीपालीने लग्नकार्यालाच निघणारी पैठणी नेसली होती आणि शाळेच्या सवयीने ती घटकेघटकेला घड्याळ पाहत होती.

आठ वाजून पाच मिनिटांनी वरुण दिसला. बायकांनी एकदम श्वास सोडला. चित्र दर चार-पाच सेकंदांनी एकदा हले. वरुण हसला. नंतरच्या चित्रात तो वाकलेला होता. त्याच्या नंतरच्या चित्रात एक लाल दुपटं होतं. एकनाथराव पडद्याच्या इतके जवळ गेले की नामदेवरावांनी त्यांना खांद्याला धरून मागे ओढलं.

"बाबा, दिसतंय का?" वरुणचा आवाज तुटत तुटत आला. "आम्हाला तर इथे एक दगड दिसतोय. कुंची घातलेला."

"वरवंटा आहे तो," त्रिवेणीबाई ओरडून म्हणाल्या.

वरुणने बाळाला कॅमेऱ्याजवळ आणलं. दुपट्यातून एक बाजू वर आली. पडद्यावर एक कान उमटला. लहानसा, गुलाबी, वरच्या कडेला किंचित दुमडलेला. एकनाथरावांच्या आईचा कान असाच होता. दीपाली पुढे वाकली. सगळ्या बायका तिच्या पाठीवर थोपटायला हात उगारून सरसावल्या.

कान तसाच राहिला. पाच सेकंद गेले, दहा गेले. आवाज थांबला. बांबूवरच्या सेटने एकदा टुक केलं आणि त्याच्या काड्या, चारही, एकदम गेल्या. कम्प्युटरवर इंग्रजीत एक ओळ आली. दीपालीने ती वाकून वाचली.

"काय म्हणतंय?" एकनाथरावांनी विचारलं.

"पत्त्याची पडताळणी झाली नाही म्हणून सेवा बंद केलीये. या पत्त्यावर असा ग्राहक राहत नाही, असं म्हणतंय."

मुहूर्त साडेआठपर्यंत होता. सेट मुका झाला होता, त्यामुळे घरात आता इंटरनेटही नव्हतं आणि फोनही नव्हता. नामदेवरावांकडे मोबाइल होता, शेजारीपाजारी फोन होते, पण कशावरूनच परदेशी फोन लागत नव्हता. चौकातला एस.टी.डी. बूथ रविवारी नऊला उघडे. कुणी म्हणालं चाळण हलवा. कुणी खरोखरच हलवली. एकनाथराव पाळण्याजवळच्या खुर्चीत बसले. पडद्यावरचा कानही मग गेला. आपण नातीचं बारसं बुडवलं. चांगला चालता फोन होता, तो आपल्या हाताने, तीनदा "पक्का" म्हणून, खिडकीत देऊन आलो. एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत होतं. त्यांना रडू येत होतं, आणि अकरा बायकांसमोर रडायचं नाही म्हणून ते वरवंट्याकडे पाहत बसले होते.

तेवढ्यात यादगिरी धापा टाकत वर आले. मधे ते खाली कधी गेले कुणी पाहिलं नव्हतं.

"साब, चलो. वरुण बाबू लाइन पे है."

"कुठल्या लाइनवर?"

"नीचे. हमारे घर में."

"तुमच्याकडे फोन?" एकनाथराव उठून उभे राहिले. "वरुणला नंबर कुणी दिला?"

यादगिरींनी खाली पाहिलं. "आपकाच नंबर है साब. आप सरेंडर करे तो मैं दरखास्त दिया, वोच नंबर होना बोलके. करीमनगर, वरंगल, पूरे खानदान के पास वोच नंबर है, बीस बरस से. नया नंबर किसकू किसकू बोलता मैं? आपकू बुरा लगता बोलके नहीं बोला. घंटी पे रजई डाल के रखा."

बोलायला वेळ नव्हता. सगळं बारसं पैठण्या सावरत जिना उतरलं. यादगिरींच्या घरात कोपऱ्यातल्या तिवईवर फोन होता, शेजारी घडी केलेली रजई. दीपाली जमिनीवर बसली. तिने रिसीव्हर तोंडाशी धरला आणि त्यावर पदर घेतला.

"दादा, तिच्या कानाला लाव. नीट लाव. लावलास?"

मग ती इतक्या हळू बोलली की खोलीत कुणाला काही ऐकू आलं नाही. बायकांनी तिच्या पाठीवर रिवाजाप्रमाणे थोपटलं, जरा जास्तच जोरात. कुर्रर्र झालं. दीपालीने वर पाहिलं, तिचे डोळे भरले होते.

"मेधा," तिने सगळ्यांना सांगितलं. आठ वाजून अठ्ठावीस मिनिटं झाली होती.

एकनाथराव दारात उभे होते. एक तोंड आणि एक कान, एवढंच तर लागत होतं. दीपाली पहिल्याच दिवशी म्हणाली होती. तिने रिसीव्हर त्यांच्या हातात दिला.

"बाबा," वरुण म्हणत होता, "नवा नंबर लागेना, मग बोटांनी आपोआप जुनाच फिरवला. बरं झालं तुम्ही आपला फोन काढला नाहीत ते."

एकनाथरावांनी यादगिरींकडे पाहिलं. यादगिरी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

"हो," एकनाथराव म्हणाले. "तिला दे."

पलीकडे आधी काहीच आलं नाही. मग श्वास ऐकू आला, लहान आणि भराभर, मधेच एक उचकी. एकनाथरावांना पुष्कळ बोलायचं होतं. पण ते नुसते ऐकत राहिले. हळूहळू त्यांचा डावा हात सवयीने वर आला आणि त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. पुन्हा एकदा पाहिलं. मग खाकरले आणि त्यांनी रिसीव्हर जागेवर ठेवला.

"साब, कायकू रखे?" यादगिरी गडबडून म्हणाले. "बैठ के बात करते थे ना. किसकी जल्दी है?"

"तीन मिनट होगए," एकनाथराव म्हणाले, आणि दाराबाहेर जाऊन अकरा बायकांच्या चपलांत आपल्या चपला शोधू लागले.